पेट्रोल आहे, करंट नाही

नमस्कार मंडळी. आज गाडीच्या करंटबद्दल बोलू. करंट म्हणजे पेट्रोल इंजिनातली ठिणगी. डिझेलवाल्यांना ती लागत नाही, त्यांनी तेवढ्यात चहा ठेवून यावा.

जुन्या ॲम्बेसेडरला, पद्मिनीला सीबी पॉइंट, म्हणजे वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, असायचे. ते काजळायचे, मग पॉलिश पेपरने घासून गॅप लावत बसायचं. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये पॉइंट गेले, पिकअप आणि मॉड्यूल आले. डिस्ट्रिब्युटर म्हणजे पाळीपाळीने प्रत्येक प्लगला करंट वाटणारा भाग. त्याच्या दांड्यावर दात्यांचं चक्र फिरतं. दाता पिकअपच्या चुंबकासमोरून गेला की पिकअप बारीकसा इशारा देतो. त्या इशाऱ्यावर मॉड्यूलमधला ट्रान्झिस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, कॉइलमधला वीजप्रवाह झटकन तोडतो. तोडतो हं! ठिणगी जोडल्यावर नाही, तोडल्यावर पडते. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे, केसासारख्या तारेचे हजारो. जाड तारेतला प्रवाह तुटला की चुंबकत्व एकाएकी ओसरतं आणि बॅटरीच्या 12 व्होल्टचे 20-30 हजार होऊन प्लगवर जातात. तिथल्या जेमतेम मिलिमीटरभर फटीत ठिणगी. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 100 ठिणग्या! पुन्हा सांगतो: पिकअप इशारा देतो, मॉड्यूल तोडतो, कॉइल वाढवते, प्लग पेटवतो.

आता गोष्ट. मे महिना, जळगावहून धुळ्याला लग्नाला निघालो. गाडी माझी, जुनी. शेजारी सासरे, मागे बायको आणि तिच्या पायाशी भरिताच्या वांग्यांची गोणी. (लग्नात भरीत-पुरी सोडून पनीर वाढणाऱ्यांशी माझं जमत नाही, पण ते जाऊ द्या.) एरंडोल मागे पडलं आणि गाडी बंद. स्टार्टर फिरतोय, इंजिन उचलत नाही. अर्धा तास कडुनिंबाखाली थांबलो, तर एका चावीत सुरू! पाच-सात किलोमीटर गेली, परत बंद.

"जावईबापू, पेट्रोलची वाफ होते," मामा म्हणाले. मलाही पटलं, कारण आदल्याच आठवड्यात एका गॅरेजवाल्याने याच दुखण्यावर पेट्रोल पंप बदलून पैसे घेतले होते.

थांबत, ढकलत पारोळ्याला आलो. टपरीवजा गॅरेज, म्हातारे मिस्तरी. त्यांनी पेट्रोलकडे बघितलंसुद्धा नाही. एक प्लग काढला, वायरला लावून इंजिनच्या लोखंडावर टेकवला. "मार सेल." ठिणगी नाही. "भाऊ, पेट्रोल शे, करंट नई शे."

मग त्यांनी मामांच्या डोक्यावरचा बागायती रुमाल मागून घेतला. त्यावर माठातलं पाणी ओतलं, पिळला आणि मॉड्यूलभोवती गुंडाळला. दहा मिनिटं आम्ही सगळे त्या रुमालाकडे बघत बसलो. पुन्हा सेल. तड, तड, तड! निळी ठिणगी.

तापला की ट्रान्झिस्टर काम सोडत होता, निवला की परत कामावर. म्हणूनच मॉड्यूलखाली पांढरी पेस्ट असते, आतली उष्णता खालच्या धातूत उतरवायला. मिस्तरींनी दोन स्क्रू काढून दाखवलं: पेस्ट वाळून खडू झाली होती. नवी कुठून आणली असेल? शेजारच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून! रेडिओतल्या मोठ्या ट्रान्झिस्टरलाही तीच लावतात. बोटभर पेस्ट फुकट मिळाली. "धुयालोंग जाशी," मिस्तरी म्हणाले, म्हणजे धुळ्यापर्यंत जाशील. मॉड्यूल पुढे बदलावाच लागला.

ही प्लगची परीक्षा घरी करू नका. हाताला बसला तर हा झटका पॉइंटवाल्यापेक्षा जबर असतो. आणि प्लगची वायर नुसती लोंबकळत ठेवून सेल मारला, तर वाट न मिळालेला करंट मॉड्यूलच फोडतो. आताच्या बऱ्याच गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नाही, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर वेगळी कॉइल असते. क्रम तोच: इशारा, तोडणं, वाढवणं, पेटवणं.

धुळ्याला पोचलो तेव्हा मंगलाष्टकं होऊन गेली होती, दुसरी पंगत बसत होती. मामा तो ग्रीसने काळा झालेला ओला रुमाल डोक्याला बांधून पंगतीत बसले आणि शेजारच्याला सांगू लागले, "काही नाही हो, पेट्रोलची वाफ होत होती."