खाली बसवलेल्या पिकअपचे शॉकअप

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत जुनी पिकअप खाली बसवायचा शौक मोठा आहे. 1967 ते 1972 मधली शेव्हरोले सी-10 म्हणजे तर या मंडळींची लाडकी गाडी. पुढून चार इंच, मागून सहा इंच खाली. गाडी देखणी दिसते, पण शॉकअप, म्हणजे धक्के शोषणारे शॉक ॲब्झॉर्बर, जुनेच ठेवले तर खड्ड्यात कंबरडं मोडतं.

दुकानात ‘गाडी किती इंच खाली आहे?’ एवढंच विचारून शॉकअप हातात देतात. हे मला अजिबात पटत नाही. गाडी खाली आणली कशी, हे आधी बघायला हवं. पुढे ड्रॉप स्पिंडल, म्हणजे चाकाचा आस वर घेतलेला स्पिंडल, लावला असेल, तर चाक वर सरकतं आणि चाकाला चेसीशी जोडणारे आर्म मूळ जागीच राहतात. तिथे मूळ लांबीचा शॉकअप चालतो. आखूड स्प्रिंग टाकली असेल, तर आर्म वर जातो आणि शॉकअप उभ्या गाडीतच अर्धा दबलेला असतो. मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असतील आणि त्यांच्याखालचा ॲक्सल पाट्यांवर घेतला, की शॉकअपचा वरचा आणि खालचा बोल्ट पाच-सहा इंच जवळ येतात. तिथे आखूड शॉकअपला पर्याय नाही.

म्हणून टेप घ्या. चेसीखाली भक्कम स्टँड लावा, शॉकअप काढा आणि ॲक्सल जॅकवर घ्या. गाडी रोजच्या उंचीवर असताना दोन बोल्टमधलं अंतर मोजा. मग ॲक्सल बंप रबरला, म्हणजे त्याला वर आपटू न देणाऱ्या रबराच्या ठोकळ्याला, टेकेपर्यंत उचला आणि पुन्हा मोजा. समजा, साडेअकरा इंच भरलं. मग पूर्ण दबलेला शॉकअप अकराच्या आतच हवा, नाहीतर रबराआधी तोच आपटेल आणि आतला व्हॉल्व्ह फुटेल. ॲक्सल खाली सोडताना ब्रेकच्या होजवर नजर ठेवा, तो ताणला जाता कामा नये.

जागा नाही म्हणून शॉकअप आडवा टाकू नका. 45 अंश कलला, की चाकापाशी त्याचा जोर निम्माच उरतो.

भारतातल्या श्रोत्यांनी लक्षात ठेवावं, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही.

शॉकअप बसवल्यावर रॉडवर, सीलला लागून, प्लॅस्टिकची टाय बांधा आणि नेहमीच्या रस्त्यावर फेरी मारून या. ही टाय सरकून रॉडच्या पार टोकाला गेली असेल, तर शॉकअप तळाला लागतोय. मग आणखी आखूड घ्या, नाहीतर बंप रबर जाड लावा.