रसद तोडणारं औषध

१९६० च्या दशकाची सुरुवात. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत ज्युडा फोकमन हा तरुण डॉक्टर सशाची थायरॉइड ग्रंथी काचपात्रात जिवंत ठेवतो आणि तिच्यात कर्करोगाच्या पेशी सोडतो. गाठी धरतात, पण इवल्याशा होऊन थांबतात. मरत मात्र नाहीत. त्याच पेशी उंदरात टोचल्या, की गाठ फोफावते. कारण तिथे तिच्याभोवती नव्या रक्तवाहिन्यांचं जाळं तयार होतं.

१९७१ मध्ये फोकमन यांनी जाहीर मांडलं: गडाला वेढा घालावा तशी गाठीची रसद तोडा. फोकमनसारख्या सर्जननं प्रयोगशाळेतल्या मंडळींना शिकवावं, हे अनेकांना रुचलं नाही. पुढे कित्येक वर्षं टिंगल झाली.

पण ही रसद मागवतं कोण? ऑक्सिजन कमी पडला, की पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. ते शेजारच्या रक्तवाहिनीच्या अस्तराला जाऊन चिकटतं आणि तिला फाटे फुटू लागतात. बेव्हॅसिझुमॅब हे अँटीबॉडी प्रकारचं औषध या प्रथिनाला वाटेतच धरतं. सुनिटिनिबच्या गोळ्या पुढच्या टप्प्यावर अडवतात: निरोप दारापर्यंत येतो, पेशीच्या आत जात नाही.

२००४ मध्ये बेव्हॅसिझुमॅबला अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मंजुरी मिळाली. केमोथेरपीला त्याची जोड दिल्यावर रुग्ण साधारण १५.६ ऐवजी २०.३ महिने जगले. वेढा पडला, गड काही पडला नाही. गाठी दुसऱ्या वाटा काढतात. शिवाय जखम भरायलाही नव्या वाहिन्या लागतात. म्हणून ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही आठवडे हे औषध बंद ठेवतात. रक्तदाबही वाढतो.

खरी कमाल झाली ती डोळ्यात. उतारवयात काहींच्या रेटिनाखाली, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली, नको त्या वाहिन्या वाढतात, पाझरतात आणि समोरचा चेहरासुद्धा दिसेनासा होतो. २००५ मध्ये मायामीत फिलिप रोझेनफेल्ड यांनी कर्करोगाचं हेच औषध थेंबभर डोळ्यात टोचून पाहिलं. सूज उतरली. पुढच्याच वर्षी, बेव्हॅसिझुमॅब बनवणाऱ्याच कंपनीनं खास डोळ्यांसाठी रॅनिबिझुमॅब आणलं: अमेरिकेत एका डोसला सुमारे २,००० डॉलर. जुन्या औषधाची बाटली छोट्या डोसांत वाटली, की एक डोस पडायचा ५० डॉलरच्या आसपास. २०११ मध्ये सरकारी खर्चानं झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर दोन्हींचा नजरेवरचा परिणाम सारखाच निघाला. कंपनीनं ही तुलना स्वतःहून केली नव्हती, यात नवल ते काय!

मधुमेहात रेटिनाला सूज येते, तेव्हा आपल्याकडेही डॉक्टर ‘डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल’ म्हणतात. ते बहुधा याच घराण्यातलं असतं. एकानं भागत नाही. सुरुवातीला दर महिन्याला घ्यावं लागतं.