जनरेटरची जागा पावसाआधी ठरवा

नमस्कार मंडळी.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा विजेचे खांब इतक्या मोठ्या संख्येने आडवे झाले की अनेक गावांना कित्येक दिवस, काही ठिकाणी कित्येक आठवडे, अंधारात काढावे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. त्यानंतर आपल्याकडे पेट्रोलवर चालणारे लहान जनरेटर घरोघरी दिसू लागले, आणि आज त्यांतले बरेचसे पडवीच्या कोपऱ्यात किंवा गोठ्यात गोणपाटाखाली झाकून पडलेले आहेत. मी अनेक वर्षे लहान इंजिनांची दुरुस्ती करतो. हे यंत्र उपयोगाचे आहे याबद्दल मला शंका नाही, परंतु ते चालवणाऱ्याने सर्वांत आधी ज्या प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे, तो प्रश्न विकत घेताना कोणीच विचारत नाही. तो प्रश्न असा, की मुसळधार पावसात, रात्रीच्या वेळी, हे यंत्र तुम्ही कुठे ठेवणार आहात?

हा प्रश्न साधा वाटतो, पण बहुतेक अपघातांचे मूळ त्यातच आहे. जनरेटरला पावसाचे पाणी लागता कामा नये, हे सर्वांना ठाऊक असते आणि ते खरेही आहे. म्हणून पाऊस वाढला की माणूस चांगल्या हेतूने यंत्र आत ओढतो. पडवीला ताडपत्री बांधलेली असते, मागचे दार अर्धे उघडे ठेवलेले असते, आणि तेवढ्याने हवा खेळती राहील असा समज असतो. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पेट्रोलच्या धुराचा वास येतो तो इतर घटकांचा. वास कमी झाला म्हणजे विषारी वायू कमी झाला, असे अजिबात नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण अल्प असले तरी तासाभरात शरीराचा प्राणवायू हळूहळू हिरावला जातो. त्याची घनता हवेच्या जवळपास असल्यामुळे तो जमिनीशी साचून राहत नाही किंवा छपराला जाऊन थांबतही नाही. तो सगळ्या घरात पसरतो. खिडकी उघडल्याने धोका टळत नाही, पंखा लावल्यानेही टळत नाही.

एक अनुभव सांगतो. आमच्या नात्यातल्या एका घरी, दोन दिवस वीज नसताना, जनरेटर मागच्या पडवीत लावला होता. रात्री दहाच्या सुमारास घरातल्या चौघांना डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली, धाकट्याला उलटी झाली. दुपारी खाल्लेले मासे शिळे असावेत असे सर्वांनी ठरवले आणि लिंबूपाणी घेऊन मंडळी पुन्हा झोपायला निघाली. पुढच्या ओट्यावर खाट टाकून झोपणाऱ्या आजींनीही तेच मासे खाल्ले होते आणि त्यांना काहीच झाले नव्हते, हे घरातल्या सुनेच्या लक्षात आले म्हणून सगळे बाहेर आले आणि वाचले. ताप नसताना एकाच घरातल्या अनेकांना एकाच वेळी डोके दुखणे, चक्कर, मळमळ किंवा गोंधळल्यासारखे वाटणे सुरू झाले आणि जवळ इंजिन चालू असेल, तर इतर कोणतेही कारण शोधत बसू नका. सर्वांना आधी मोकळ्या हवेत आणा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि डॉक्टरांना जनरेटर चालू होता हे आवर्जून सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्म्यावर यायला चार ते पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास हा काळ एक-दीड तासावर येतो, म्हणून ‘बाहेर आल्यावर बरे वाटते आहे’ एवढ्यावर थांबू नये.

कोरोनाच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी आले, त्याबद्दलही इथेच सांगायला हवे. या विषबाधेत ते यंत्र फसते. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला ओळखता येत नाही, त्यामुळे माणूस बेशुद्धीच्या वाटेवर असतानाही त्यावर ९८ दिसू शकते.

तेव्हा जागा आधी बांधा. घरापासून किमान वीस फूट, म्हणजे सहा मीटर दूर, परसात चिऱ्याचा वीतभर उंच ओटा करावा. त्यावर चार खांबांवर पत्रा टाकावा आणि चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात. धुराचे तोंड आपल्या घराकडे नको, तसेच शेजाऱ्याच्या खिडकीकडेही नको. एवढे काम मे महिन्यात दोन दिवसांत होते. जूनमध्ये वाऱ्यापावसात ते होत नाही आणि मग यंत्र आत येते. विहिरीचा गाळ काढताना काही जण पंपाचे इंजिन दोरखंडाने विहिरीत उतरवतात. तिथे तर सुटकेलाही जागा नसते, आणि वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही पडतो. हे कृपा करून कधीही करू नका.

आता विजेच्या जोडणीविषयी. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर मी अनेक घरांत पाहिली आहे. तिचे एक टोक जनरेटरला आणि दुसरे भिंतीवरच्या सॉकेटला लावले की सगळ्या घरात दिवे लागतात, म्हणून ती युक्ती लोकप्रिय आहे. परंतु मेन स्विच बंद करायचा राहिला, तर तीच वीज मीटरमधून उलट बाहेर पडून डीपीपर्यंत, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, पोहोचते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो. एरवी ११ हजार व्होल्टचा दाब आपल्यासाठी उतरवून देणारा तोच ट्रान्सफॉर्मर घरातला २३० व्होल्टचा दाब उलट हजारो व्होल्टपर्यंत चढवतो, आणि तारा जोडायला खांबावर चढलेल्या महावितरणच्या लाइनमनला आपली वाहिनी बंद आहे असेच वाटत असते. एवढ्याशा यंत्रावर अख्ख्या वाडीचा भार आला तर ते आपोआप बंद पडेल, असे कोणी म्हणेल. नेहमीच्या दिवसांत कदाचित पडेलही. पण वादळानंतर तारा तुटलेल्या आणि फ्यूज गेलेले असतात, त्यामुळे तुटलेल्या तुकड्यावर भार फारसा उरलेलाच नसतो. आपल्याच घरची वीज सुरू करायला आलेल्या माणसाच्या जिवाशी हा खेळ आहे, आणि मला तो अक्षम्य वाटतो.

यावर उपाय एकच आहे. परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा, ज्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलतात आणि एका वेळी एकच पुरवठा घराला मिळतो. त्याच वायरमनला आरसीसीबीबद्दल, म्हणजे वीज गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या सुरक्षा स्विचबद्दल, नक्की विचारा. बऱ्याच लहान जनरेटरमध्ये न्यूट्रल यंत्राच्या सांगाड्याला जोडलेला नसतो, आणि तशा स्थितीत घरातला आरसीसीबी, बटण दाबून तपासला तेव्हा व्यवस्थित असला तरी, कोणाला धक्का बसल्यावर पुरवठा तोडेलच याची खात्री नसते. अर्थिंग आणि न्यूट्रलची ही जोडणी उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे जाणकारानेच करावी. चेंजओव्हर परवडत नसेल, तर तीन तारांच्या चांगल्या वायरने एक-दोन उपकरणे थेट जनरेटरला लावावीत. ही वायर रिळावर गुंडाळलेली ठेवू नये, पूर्ण सोडावी. गुंडाळी आतून तापते आणि तिचे आवरण वितळते.

भाराचा हिशेब थोडक्यात सांगतो. यंत्रावर लिहिलेल्या केव्हीएपैकी जेवढा भाग प्रत्यक्ष कामाला येतो त्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. २ केव्हीएच्या यंत्रातून ०.८ पॉवर फॅक्टरने १६०० वॉट मिळतात, तेही सतत पूर्ण ओढू नयेत. दहा एलईडी दिवे जेमतेम शंभर वॉट घेतात, पंख्यांचेही ओझे नसते. अडचण मोटरची आहे, कारण सुरू होताना ती चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. म्हणून विहिरीवरचा एक हॉर्सपॉवरचा पंप अशा यंत्रावर चालेल असे कागदावर दिसले तरी तो बहुधा उचलला जात नाही. फ्रिज आधी सुरू करावा, मग बाकीचे.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र घाई नको. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत दूरच्या ठिणगीपर्यंत जाते. इंजिन बंद करून किमान पंधरा-वीस मिनिटे थंड होऊ द्यावे, मगच टाकी भरावी, आणि तीही काठोकाठ नाही. त्या वेळी हातात बॅटरी असावी. मेणबत्ती किंवा कंदील नको. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येते, आणि त्यासाठी धातूचे डबे २५ लिटरपर्यंतचे, घट्ट बुचाचे असावे लागतात. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांत पेट्रोल भरून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवण्याची सवय कायद्यातही बसत नाही आणि घरात लहान मुले असताना तर ती फार भीतिदायक आहे.

माझ्याकडे येणाऱ्या बंद जनरेटरपैकी बहुतेकांचा आजार एकच असतो: गेल्या पावसाळ्यातले पेट्रोल कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, तसेच राहिलेले. हलका भाग उडून जातो, मागे चिकट थर उरतो आणि पेट्रोल जाण्याचे सुईच्या टोकाएवढे छिद्र, म्हणजे जेट, बुजते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, ते हवेतली आर्द्रता शोषते, आणि कोकणात आर्द्रतेची काय कमतरता? पाणी जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन तळाशी बसते आणि गंज धरतो. म्हणून काम संपल्यावर टाकी रिकामी करावी, पेट्रोलची चावी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे आणि मग कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल करून उरलेले थेंबही काढावेत.

ऑइल प्रत्येक वेळी, सपाट जागेवर, इंजिन बंद असताना पाहावे. नव्या यंत्राचे पहिले ऑइल साधारण २० तासांनी आणि त्यापुढे १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा, बदलावे. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, थोडे ऑइल लावून बसवावा. इंजिनाचा स्पार्क प्लग काढून काजळी पुसावी. महिन्यातून एकदा थोडे पेट्रोल घालून, निम्मा भार लावून, वीस मिनिटे यंत्र चालवावे आणि तारीख व तास टाकीवर चिकटवलेल्या कागदावर लिहावेत.

वाटीचा स्क्रू कोणता आणि तो किती फिरवायचा, हे शब्दांत सांगून समजणार नाही. मी आणलेले यंत्र बाहेर, अंगणाच्या पलीकडच्या आंब्याखाली ठेवले आहे. आता तिथे जाऊ या.