७२ म्हणजे संत्रं

(दृश्य: नागपूरच्या झिरो माइलचा दगडी स्तंभ आणि चार घोडे. सकाळची वेळ.)

या घोड्यांशेजारी आज आकडे ठेवायचे आहेत, मनातल्या मनात, पाठ व्हावेत म्हणून.

स्मरणशक्तीच्या स्पर्धेत पाच मिनिटांत अंक पाठ करण्याचा एक प्रकार असतो. एका ओळीत ४० अंक. ओळीत एक चूक झाली की ४० ऐवजी २० गुण, दोन झाल्या की शून्य. इथे घोकंपट्टी कामाची नाही. अंकाला ना रंग, ना वास. म्हणून आधी अंकांचे शब्द करायचे.

त्यासाठी आपली जुनी कटपयादि रीत आहेच. क, ट, प, य म्हणजे १. ख, ठ, फ, र म्हणजे २. असंच वर्णमालेच्या क्रमाने पुढे. स ७, ह ८, ळ ९. ञ, न आणि सुरुवातीचा नुसता स्वर म्हणजे ०. जोडाक्षरातलं शेवटचं व्यंजन मोजायचं, अनुस्वार सोडायचा. मग १८ होतात पोहे, ६२ तर्री, ७२ संत्रं, ४४ वाघ, ०७ ऊस. (जुन्या रीतीत अंक उजवीकडून वाचतात, स्पर्धेत त्या फंदात पडू नका.)

००पासून ९९पर्यंत शंभर शब्द ठरवायचे. नऊने सुरू होणारे मात्र खरोखर नाकी नऊ आणतात: ळ ने मराठी शब्द सुरू होत नाही, उरतात फक्त झ आणि ध. ९१ झोप, ९२ धूर, ९९ धूळ.

(दृश्य: झिरो माइलकडून सीताबर्डीकडे चालणारे पाय.)

आता वाट. ओळखीच्या वाटेवरच्या एकेका जागी या शब्दांची चित्रं मनाने ठेवत जायची. एका जागी दोन चित्रं, म्हणजे चार अंक. ४० अंकांना दहा जागा. पहिल्या चित्राने दुसऱ्यावर काहीतरी केलंच पाहिजे. झिरो माइलच्या स्तंभाला टेकून वाघ संत्रं सोलतोय: ४४७२. संत्रं वाघाच्या डोक्यात आदळलं, तर ७२४४. दोघं नुसते शेजारी उभे राहिले की क्रम गेलाच.

पुढे व्हरायटी चौक. त्यानंतरचा झाशी राणी चौक वगळा. तिथेही घोडा आहे, आणि आठवताना एका घोड्याजवळचं चित्र दुसऱ्याजवळ जातं. मेट्रोची स्थानकं ओळीने घ्यायचा मोहही नको. सगळे जिने सारखेच.

ही वाट दोनदा पायी चाला, मग डोळे मिटून तिच्या जागा उलट्या क्रमाने म्हणा. लगेच दुसरी ओळ त्याच वाटेवर ठेवली, तर मघाचा वाघ हलत नाही. त्या ओळीसाठी वेगळी वाट हवी: गांधी गेटपासून बडकस चौकाकडे.