कॅम्पबेलटाउन: फावड्यावरची व्हिस्की

(दृश्य: माल्टिंगचा मजला, फावडी)

ही बार्ली. भिजवून, निथळून फरशीवर पसरलेली. आपण मटकीला मोड आणतो तेच काम, फक्त इथे फडक्याऐवजी अख्खा मजला आहे. मोड फुटताना दाणे तापतात, मुळं एकमेकांत गुंततात. म्हणून दर काही तासांनी माणसं येऊन सगळी रास उलटतात. रात्रीसुद्धा.

स्कॉटलंडमधल्या बहुतेक डिस्टिलऱ्या आज तयार माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, ट्रकनं मागवतात. स्प्रिंगबँक मागवत नाही. १८२८ साली सुरू झालेली ही डिस्टिलरी आजही मिचेल घराण्याच्या कंपनीकडे आहे. मोड आणण्यापासून बाटलीवर लेबल लावण्यापर्यंतचं सगळं काम इथेच, कॅम्पबेलटाउन गावाच्या मधोमध चालतं. मात्र ही परंपरा अखंड नाही. १९६०च्या सुमारास हा मजला बंद पडला होता, तो १९९२मध्ये पुन्हा सुरू केला. म्हणजे फावडं इथे नुसतं टिकून राहिलेलं नाही, ते ठरवून परत आणलेलं आहे.

(दृश्य: भट्टीत पीट, धूर)

खाली जळतंय ते पीट, दलदलीतून कापून वाळवलेली माती. स्प्रिंगबँक नावाच्या व्हिस्कीसाठी माल्टला सुमारे सहा तास हा धूर देतात, मग गरम हवा. लाँगरो हवी असेल तर धूर दोन दिवसांपर्यंत चालतो. हेझलबर्नला मात्र धुराचा वासही लागू देत नाहीत. छप्पर एकच, व्हिस्की तीन.

(दृश्य: दळणयंत्र, बिडाचं पातेलं, लाकडी पिंपं)

माल्ट भरडून बिडाच्या उघड्या पातेल्यात गरम पाण्यात कालवतात. गोड पाणी लार्चच्या लाकडी पिंपांत जातं, तिथे यीस्ट पडतं. घाई नाही. चार दिवसही लागतात.

(दृश्य: तांब्याच्या भट्ट्या, ज्योत)

पहिल्या भट्टीखाली खरी ज्योत आहे. तळ करपू नये म्हणून आत तांब्याची साखळी फिरत असते. तिचा आवाज ऐका.

(आवाज तसाच, निवेदन नाही)

लाँगरो दोनदा ऊर्ध्वपातित होते, हेझलबर्न तीनदा. स्प्रिंगबँकचा काही भाग दोनदा, काही तीनदा; कामगार त्याला अडीच वेळा म्हणतात. हिशेब समजावून घ्यायचा तर कागद-पेन्सिल लागते, आणि कॅमेऱ्यात तो मावत नाही.

(दृश्य: बंदर, दावार बेट, ओहोटी)

फाटकाबाहेर पडलं की काही मिनिटांत समुद्र. किंटायर द्वीपकल्पाच्या टोकाजवळचं हे गाव, समोर दावार बेट. ओहोटीला खड्यांच्या बांधावरून तिथवर चालत जाता येतं. बंदरावरचा दगडी क्रूस चौदाव्या शतकातला, जवळचं चित्रपटगृह १९१३चं. हेरिंग मासळीच्या होड्या, कोळसा आणि व्हिस्की यांवर हे गाव उभं राहिलं. एकेकाळी इथे तीसहून अधिक डिस्टिलऱ्या होत्या. १९२०मध्ये मासाताका ताकेत्सुरू हा जपानी तरुण त्यांतल्याच हेझलबर्नमध्ये व्हिस्की शिकला आणि पुढे त्यानं जपानमध्ये निक्का कंपनी काढली. ती हेझलबर्न नंतर बंद पडली, नाव तेवढं स्प्रिंगबँकच्या बाटलीवर आलं.

घाईत गाळलेला माल, अमेरिकेतली दारूबंदी, बंद पडलेली कोळशाची खाण: १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत दोनच डिस्टिलऱ्या उरल्या. कामं गेली.

(दृश्य: ग्लेनगाइलचं आवार)

ही तिसरी, ग्लेनगाइल. १९२५मध्ये बंद पडलेली. स्प्रिंगबँकच्या मालकांनी ती २००४मध्ये पुन्हा पेटवली. व्हिस्की मात्र किलकेरन नावानं विकली जाते, कारण ग्लेनगाइल हे नाव दुसऱ्याच एका व्हिस्कीकडे होतं. माल्ट पलीकडच्याच फरशीवरचं, आणि वर्षातले थोडे महिने भट्टी चालवायला माणसंही तिकडचीच येतात.