आधी गंज, मग टर्बो

नमस्कार. मागच्या रांगेतल्या तरुण मंडळींना टर्बोबद्दल, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून शक्ती वाढवणाऱ्या यंत्राबद्दल, ऐकायचं आहे, हे मला चहाच्या वेळीच कळलं. टर्बोपर्यंत येऊ. वाटेत गंज लागेल, रबर लागेल, ऑइल लागेल, तेवढं सोसा.

मी बोलणार आहे माझदा एमएक्स-5 बद्दल, आणि तीही पहिल्या पिढीच्या, उघडमीट करणाऱ्या हेडलाइटच्या गाडीबद्दल. आपल्यातल्या बहुतेकांना माझदा हे नाव कळलं ते स्वराज माझदाच्या मिनीबसवरून. त्याच माझदाने दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी केली हे पुण्यात सांगितलं की अजूनही लोक माझ्याकडे संशयाने बघतात. ही गाडी फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात जगापुढे आली आणि 1990 मध्ये इथे ब्रिटनमध्ये. 1597 सीसीचं इंजिन, साधारण 115 अश्वशक्ती, वजन टनाच्या आत. आजची बरी हॅचबॅक सिग्नलवर तिला सहज मागे टाकते. तरी 2016 मध्ये सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखावी गाडी बाहेर पडली, आणि दोन आसनांच्या स्पोर्ट्‌स कारमधला खपाचा जागतिक विक्रम तिच्याच नावावर आहे.

हे कशामुळे, ते गाडीखाली शिरलं की कळतं. इंजिन जमेल तितकं मागे सरकवलेलं, बॅटरी डिकीत, त्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांवर वजन जवळपास निम्मं-निम्मं. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या वर-खाली दोन भुजा. गिअरबॉक्सपासून मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब चौकट दोघांना घट्ट बांधून ठेवते, म्हणून पाय दाबला की मधे कुठे काही पिळवटत नाही, ढकल थेट चाकांना मिळते. यातली एकही गोष्ट जाहिरातीत छापण्यासारखी नाही. पण सगळ्यांचा मिळून एक हिशेब जमलेला आहे. तुम्ही त्यातली एक रक्कम वाढवलीत की दुसरीकडे कुठेतरी तूट येते. मॉडिफिकेशन करायचं म्हणजे ती तूट कुठे येणार हे आधी ओळखायचं. आणि तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीत अडचण अशी, की मूळ हिशेबच ढळलेला असतो. तुम्ही मोजायला सुरुवात कुठून करणार?

तर पहिला गंज. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून पत्रा खातं, हे सगळ्यांना माहीत आहे. या गाडीचा खरा शत्रू मात्र वरून येतो. कापडी टपावर पडलेलं पाणी मागे ओघळतं, सीटच्या मागे दोन्ही बाजूंना, सीटबेल्टच्या खांबापाशी, एकेक भोक आहे, त्यात जातं. तिथून नळीने खाली उतरून मागच्या चाकाच्या पुढे बाहेर पडतं. कोकणातल्या कौलारू घराची पन्हळ पानांनी तुंबली की पाणी भिंतीत मुरतं ना, अगदी तेच इथे होतं. झाडाखाली उभी असलेली गाडी, वाळकी पानं, टपाच्या कापडाचे सुटलेले धागे, दोन-तीन वर्षांची धूळ. भोक बुजतं. पाणी दाराखालच्या बंद पेटीत, म्हणजे सिलमध्ये साचतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून रंग चकाचक असतो. मागच्या चाकाच्या कमानीपुढे रंगाला छोटे फुगे दिसायला लागले, की समजायचं आत पत्रा उरलेला नाही.

हे सिल केवळ शोभेचं नाही. ज्या गाडीला टप नाही, तिचा सगळा ताठपणा जमिनीच्या पातळीवर असतो, आणि त्यातला मोठा वाटा या दोन पेट्यांचा. इथल्या वार्षिक पासिंगमध्ये, म्हणजे एमओटीमध्ये, सीटबेल्टच्या किंवा सस्पेन्शनच्या जोडापासून 30 सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते, ती उगाच नाही. सडलेल्या सिलच्या गाडीला कडक स्प्रिंग लावणाऱ्यांची मला गंमत वाटते. स्प्रिंग वाकत नाही, मग गाडी वाकते.

उपाय फुकटातला आहे. वर्षातून दोनदा, पानगळीनंतर आणि वसंतात, ती भोकं साफ करायची. लवचिक, बोथट टोकाची वायर घ्यायची, स्क्रूड्रायव्हर मुळीच नाही, कारण आतल्या नळीला भोक पडलं तर पाणी थेट सिलमध्येच जाईल. मग मगभर पाणी हळूहळू ओतायचं आणि चाकापुढे बाहेर येतं का ते पाहायचं. सडलं असेल तर पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागतो. वरून पॅच मारून पोटीन लावणारे गॅरेजवाले भरपूर आहेत, त्यांचं काम पुढच्या दोन हिवाळ्यांपुरतंच असतं.

दुसरं रबर. विशबोनचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, शॉक ॲब्सॉर्बरवरचे स्टॉप, म्हणजे हालचाल संपते तिथले रबरी ठोकळे, कूलंटचे पाइप, ब्रेकचे पाइप. रबर किलोमीटरने कमी आणि वर्षांनी जास्त म्हातारं होतं. म्हणून ‘फक्त साठ हजार चाललेली’ गाडी पाहून हुरळून जाऊ नका. पहिल्या पिढीच्या गाडीत सस्पेन्शनला खेळायला जागा मुळातच थोडी आहे. मूळचे स्टॉप भुगा होऊन पडलेले असतात, आणि त्यावर कुणी गाडी खाली बसवलेली असली, तर प्रत्येक खड्ड्यात ती स्टॉपवर आपटते. चालवणाऱ्याला वाटतं, वा, काय स्पोर्टी कडक गाडी आहे! ती कडक नाही, तिला हालचालच उरलेली नाही.

अलाइनमेंटबद्दल जरा थांबतो, कारण माझ्या मते या गाडीतला सर्वात स्वस्त आणि सर्वात मोठा फरक तिथे आहे. चारही चाकांचा कोन बदलता येतो. त्यासाठी खालच्या विशबोनमध्ये लांब बोल्ट आहेत, डोक्याशी खुणा असलेली चकती आहे. बोल्ट फिरवला की विशबोन आत-बाहेर सरकतो. मिठाच्या देशात हे बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत गंजून एकजीव होतात. अलाइनमेंटवाल्याकडे गाडी नेली की तो पाना लावतो, बोल्ट हलत नाही, आणि तो तुम्हाला फक्त पुढच्या चाकांचं टो, म्हणजे त्यांची आत-बाहेर वळलेली दिशा, थोडंफार करून, छापील कागद देऊन परत पाठवतो. म्हणून आधी आठवडाभर रोज बोल्टवर पेनिट्रेटिंग ऑइल मारायचं, मग नट सैल करून बोल्ट स्वतः फिरतो का पाहायचं. नाहीच फिरला तर ग्राइंडरने कापायचा आणि नवा बोल्ट, नवे बुश एकदमच घालायचे. दोन दिवसांचं घाणेरडं काम आहे. त्यानंतर गाडी वळणावर जे बोलायला लागते, ते कुठल्याही महागड्या सुट्या भागाने होत नाही.

टायरचंही तसंच. मूळ माप 185/60, रिम 14 इंची. हवा 26 पीएसआय. इथला कुठलाही टायरवाला सवयीने 32 भरतो आणि गाडी टणाटण उडायला लागते. 2017 मध्ये माझदाने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या पुन्हा नव्यासारख्या करून देण्याची योजना जाहीर केली, तेव्हा त्यांनी टप, लाकडी नार्डी स्टिअरिंग असे भाग पुन्हा काढलेच, शिवाय ब्रिजस्टोनने जुन्या एसएफ-325 टायरची त्याच 14 इंची मापात नवी आवृत्ती केली. ज्यांनी गाडी बनवली त्यांना हिशेब जुळवताना टायरपर्यंत मागे जावंसं वाटलं, आणि आपण पहिल्याच आठवड्यात 17 इंची रिम मागवतो. जड रिम म्हणजे स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं, आणि तेही फिरतं वजन. 115 अश्वशक्तीला ते लगेच जाणवतं.

इंजिन मात्र सज्जन आहे. टायमिंग बेल्ट साठ हजार मैलांना, म्हणजे जवळपास एक लाख किलोमीटरला बदलायचा. चुकून तुटलाच तर या 1.6 लिटरच्या इंजिनमध्ये व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी फक्त जागच्या जागी बंद पडते. थंडीत सकाळी टॅपेट वाजले तर घाबरू नका, हायड्रॉलिक आहेत. वेळेवर ऑइल बदललं की बहुधा गप्प होतात. दोनच गोष्टी लक्षात ठेवा. गिअरबॉक्सच्या तोंडाशी ऑइल दिसलं की मिस्त्री म्हणतो क्रँकचं, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचं, मागचं ऑइल-सील गेलं, गिअरबॉक्स उतरवायला लागेल. त्याला म्हणा थांब. हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, मागच्या टोकाला कॅमचा सेन्सर आहे, त्याची छोटी ओ-रिंग कडक होते आणि तेच ऑइल मागून ओघळून खाली येतं. काही पेन्सची रिंग. बदलायला हात मात्र अरुंद जागेत घालावा लागतो, कोपर सोलवटतं. दुसरी गोष्ट, 1990 आणि 1991 च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकचं पुढचं नाक आखूड आहे. पुढचा बोल्ट टॉर्क रेंच न वापरता अंदाजाने आवळला असेल, तर पुली धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरीची खाच झिजते, पुली डगमगते, टायमिंग हलतं. गाडी घेताना इंजिन चालू ठेवून पुलीकडे एक मिनिट बघत उभं राहा. विकणारा काय बोलतो याकडे तेवढा वेळ दुर्लक्ष.

आता टर्बो. (हो, आलो एकदाचा.)

हे काही गुन्हेगारी काम नाही. 1990-91 च्या सुमाराला इथल्या बीबीआर कंपनीचा टर्बो माझदाचे डीलर रीतसर विकत होते, 150 अश्वशक्तीचा. म्हणजे तेवढं गाडीला पेलतं. प्रश्न त्यापुढचा. 200 करायचे म्हटलं की तूट कुठे कुठे येते ते पाहा. हवा जास्त गेली तर पेट्रोलही जास्त हवं. मूळचा हवा मोजणारा झडपेचा मीटर आणि मूळचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ते देऊ शकत नाहीत. म्हणून मोठे इंजेक्टर आणि मेगास्क्वर्टसारखा वेगळा ईसीयू, आणि तो बसवण्यापेक्षा त्याचं ट्यूनिंग महाग. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, किंवा ठिणगी लवकर पडली तर इंजिन ठोके देतं, आणि ठोके देत टर्बोच्या दाबावर चालवलं तर पिस्टन फुटतो. क्लच सरकायला लागतो. 1.6 च्या गाडीतलं डिफरन्शियल लहान, सहा इंची आहे, ते मोडतं, 1.8 लिटरच्या गाडीचं सात इंची आणून बसवावं लागतं, त्याच्याबरोबर ड्राइव्हशाफ्ट आणि प्रॉपशाफ्टही. मग ब्रेक.

आणि इंजिन थंड ठेवणारं पाणी. हे मला सर्वात आवडणारं कोडं आहे. हे इंजिन मुळात माझदा 323 सारख्या आडव्या इंजिनच्या गाड्यांच्या घराण्यातलं. तिथे पंपातलं पाणी एका टोकाने आत शिरून सगळी सिलिंडर ओलांडत दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. एमएक्स-5 मध्ये इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवलं, तेव्हा ते दुसरं टोक केबिनच्या भिंतीला जाऊन भिडलं. थर्मोस्टॅटला, म्हणजे पाणी तापलं की उघडणाऱ्या झडपेला, तिथे जागा नाही, म्हणून तो पुढे आणला. आता पाणी पुढूनच शिरतं आणि बरंचसं पुढूनच परततं. मागच्या चौथ्या सिलिंडरच्या वाट्याला हीटरच्या वाटेचा प्रवाह तेवढा येतो. 115 अश्वशक्तीला याने काही बिघडत नाही, म्हणून कंपनीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण टर्बो लावून ट्रॅकवर वीस मिनिटं पळवली की चौथं सिलिंडर तापतं, आणि डॅशबोर्डवरचा काटा तुम्हाला ते सांगत नाही. म्हणून जाणकार लोक हेडच्या मागचं बुजवलेलं तोंड उघडून थर्मोस्टॅट तिकडे नेतात आणि लांब पाइपने पाणी रेडिएटरला आणतात. यातून शक्ती एक अश्वही वाढत नाही, म्हणून तरुण मंडळी हे काम शेवटी ठेवतात. माझं मत, टर्बोच्या आधी करावं.

कागदपत्रांचं थोडक्यात. इथे प्रत्येक बदल विमा कंपनीला कळवावा लागतो, नाहीतर अपघाताच्या दिवशी विमा आहे की नाही हाच वाद होतो. आणि दर वेळी कुणीतरी विचारतं की ही गाडी घरी नेता येईल का. भारतात जुनी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, तेव्हा विषय संपला. शिवाय जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर निकाल दिला आहे: उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. तेव्हा तिकडच्या पुतण्याला इथून टर्बोचे फोटो पाठवून भरीला घालू नका.

एक चिठ्ठी आली आहे: ‘1.6 ला 200 अश्वशक्तीपर्यंत नेण्यात शहाणपण आहे का?’ काम करण्यातच आनंद असेल, गॅरेज घरचं असेल आणि वर्षभर गाडी जॅकवर राहिली तरी घरात कुणी बोलणार नसेल, तर जरूर करा. नुसता वेग हवा असेल तर 2018 नंतरची, चौथ्या पिढीची दोन लिटरची एमएक्स-5 घ्या. ती कारखान्यातूनच 184 अश्वशक्तीची येते, आणि तिचं डिफरन्शियल मोडत नाही.