कुर्लीच्या कल्ल्यातला पंप

[दृश्य: गोव्यात झुआरीकाठचं खाजन म्हणजे बांध घालून राखलेली खारी शेतजमीन, ओहोटी, पाण्याची ये-जा आवरणारं मानशीचं दार]

जूनमध्ये पाऊस लागला की मांडवी-झुआरीचं पाणी पालटतं. मे महिन्यात पणजीपाशी क्षारता समुद्राइतकी, हजारी 35च्या आसपास. भर पावसात नदीच्या वरच्या अंगाला ते पाणी जवळपास गोडं होतं. मानशीपाशी चिखलात बसलेली कुर्ली, म्हणजे खेकडा, मात्र जागची हलत नाही. तिच्या अंगातलं मीठ कल्ल्यांतून बाहेर झिरपतं, पाणी आत शिरतं. झिरपलेलं मीठ ती कल्ल्यांतूनच परत ओढून घेते. हे काम मुख्यतः मागच्या जोड्यांचं. पुढच्या जोड्या श्वासासाठी.

[दृश्य: जुनी छायाचित्रं, आर्हुस विद्यापीठ]

ही ओढ कशाच्या जोरावर, याचा उलगडा डेन्मार्कमध्ये झाला, तोही कुर्लीच्याच पायातल्या मज्जातंतूंत. येन्स स्कू, जन्म 1918, शिक्षणाने डॉक्टर. 1947 साली ते आर्हुसला आले तेव्हा डोक्यात विषय होता बधिर करणाऱ्या औषधांचा. त्यासाठी पेशीच्या आवरणात रुतलेलं एखादं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारं प्रथिन, हवं होतं. किनाऱ्यावरच्या हिरव्या कुर्लीचे तंतू वाटून त्यांनी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, घातलं आणि ते किती वेगाने तुटतं ते पाहिलं. मॅग्नेशियमसोबत एकट्या सोडियमने वेग थोडा वाढला, एकट्या पोटॅशियमने नाहीच. दोन्ही एकत्र आले आणि वेग एकदम चढला.

पेशीतून सोडियम बाहेर काढणारा पंप तो हाच, असं वाटून 1957च्या निबंधाच्या शीर्षकात 'पंप' हा शब्द घालायचा त्यांचा विचार होता. तो फार धीट वाटला म्हणून गाळला. पुढच्या वर्षी व्हिएन्नाच्या परिषदेत शास्त्रज्ञ रॉबर्ट पोस्ट यांनी विचारलं, वाबेनने हे एन्झाइम थांबतं का? वाबेन म्हणजे आफ्रिकेतल्या बाणांना लावायचं विष; ते पेशीतला पंप थांबवतं. स्कूंना ते ठाऊकच नव्हतं. त्यांनी आर्हुसला फोन लावला, प्रयोगशाळेत करून पाहिलं, एन्झाइम थांबलं. म्हणजे पंप तो हाच. एका एटीपीमागे तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, हा हिशेब पुढे पक्का झाला. नोबेल मिळालं 1997 मध्ये, चाळीस वर्षांनी.

[दृश्य: प्रयोगशाळा, बर्फातली कुर्ली]

आपल्या कुर्लीत हे मोजायचं तर निवड आधी. कात टाकून मऊ पडलेली घ्यायची नाही. त्या दिवसांत तिचे क्षार मुळातच ढळलेले असतात. बर्फात पुरती सुन्न झाल्यावर कल्ले कापायचे, पुढचे वेगळे, मागचे वेगळे. साखरेच्या गार द्रावणात वाटायचे, भांडं बर्फातच. जोरात वाटलं तर फेस येतो आणि प्रथिनं बिघडतात.

मग दोन नळ्या. दोन्हीत सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, एटीपी. एकीत शिवाय 1 मिलिमोलर वाबेन. एटीपी तुटून सुटलेलं फॉस्फेट मोजायचं, वजाबाकी करायची. उरेल तो पंपाचा वाटा. इथे घोटाळा होतो तो भांडी घासायच्या साबणाने. त्यातलं फॉस्फेट काचेला चिकटून राहतं आणि दोन्ही नळ्यांचे आकडे फुगतात. आम्लाने धुवून वर ऊर्ध्वपातित पाणी, याला पर्याय नाही. दुसरी अडचण सूक्ष्म आहे. वाटताना आवरणाचे तुकडे पुन्हा मिटून बारीक पिशव्या होतात. वाबेन पंपाला बाहेरून लागतं, एटीपी आतून; मिटलेल्या पिशवीत दोन्ही आपापल्या जागी एकाच वेळी पोचत नाहीत आणि पंप आहे त्याहून कमी दिसतो. थोडं प्रयोगशाळेतलं डिटर्जंट घालून पिशव्या उघडाव्या लागतात. जास्त पडलं, तर एन्झाइमच मरतं.

पुढच्या कल्ल्यांची नळी शेजारी चालवायचीच. गोड्या पाण्यात मुरलेल्या कुर्लीत तिथेही फरक मागच्यांइतकाच आला, तर कापताना अदलाबदल झाली का, ते आधी तपासायचं.